फुलाबाईची दुसरी इर्जिक

तुमच्या अंगात कुणाचं रक्त आहे, सांगता का? आईबापाचं, असं म्हणून सुटू नका. तसं सगळेच म्हणतात, आणि तेवढ्यावर गावात कुणी कुठं बसायचं, कुणी कुठल्या पाणवठ्यावर जायचं हे ठरवून मोकळे होतात. हाच सवाल फुलाबाईला केला असता तर तिनं पदर खोचून सांगितलं असतं, "थोडं आईचं, थोडं बापाचं, आन एक बाटली कोंडिबातात्याची."

त्यात थाप नव्हती. मार्गासनीच्या पुढं, ओढ्यापलीकडच्या वाडीत फुलाबाईचं घर. कागदावर बौद्धवाडा, लोकांच्या तोंडात अजून जुनंच नाव. बाई उंचीनं बेताची, अंगानं काडी, पण तोंड असं की ओढ्यावर बोलली तर वेल्ह्याच्या बाजारात भाव उतरावेत. तिचा नवरा ज्ञानू भातखाचरांच्या दगडी ताली, म्हणजे बांध, रचायचा. दगडावर दगड, मध्ये ना चुना ना माती, आणि तरी पावसाच्या लोंढ्याला हलायची नाही अशी त्याची ताल. माणूस फार बोलत नसे. बोलता येत नव्हतं असं नाही, लग्न झाल्यापासून बोलायची पाळी आली नव्हती.

फुलाबाईला पोरपणी सांधे सुजायचे, ताप यायचा. ते गेलं असं घरच्यांना वाटलं. गेलं नव्हतं, काळजात जाऊन बसलं होतं. लग्नानंतर चार पावलं चढली की दम लागू लागला. भोरला दाखवलं, भोरवाल्यांनी पुण्याला धाडलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी ज्ञानूला समोर बसवून सांगितलं, "काळजातलं एक दार चिकटलंय. रक्त पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. बरगड्यांमधून आत जाऊन बोटानं दार मोकळं करावं लागेल. रक्त हाताशी लागेल. गावातून माणसं आणा."

ही त्रेसष्ट सालची गोष्ट. त्या वेळी आमच्या मावळात अशी समजूत होती की एकदा रक्त काढलं की माणूस जन्माचा वाळतो. ज्ञानू गावात आला, चावडीपुढं उभा राहिला, आणि दवाखान्यातलं एकही वाक्य त्याला आठवेना. मग त्याला जे येत होतं तेच तो बोलला.

"माझ्या घरी इर्जिक हाय. औत नगं, बैल नगं. नुसता हात घिऊन या."

इर्जिक म्हणजे काय हे आमच्याकडच्या पोरालाही सांगावं लागत नाही, पण तुम्ही शहरातले असाल तर ऐका. एखाद्याची नांगरट अडली की तो गावाला हाक देतो. गडी आपापली औतं घेऊन येतात आणि दिवसात रान उरकतात. मजुरी कुणी घेत नाही. मालकानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, की झालं. त्या जेवणानं काम फिटतं.

भावकीतले आले. मराठ्यांच्या आळीतून चौघं आले, त्यांत कोंडिबा होता. तो दयेनं आला असं समजू नका. पारावर कुणीतरी म्हणालं की रगत देणं येड्यागबाळ्याचं काम न्हाई, आणि कोंडिबाला येडागबाळा म्हटलेलं चालत नव्हतं. पुण्याला तपासलं तर नेमकं त्याचंच रक्त फुलाबाईशी जुळलं. बाकीच्यांचं दवाखान्यानं ठेवून घेतलं आणि त्याच्या बदल्यात तिला जुळणारं दिलं. कोंडिबाचं मात्र सरळ तिच्या अंगात गेलं.

फुलाबाई जगली. नुसती जगली नाही, गाजली. डाव्या छातीखालून पाठीपर्यंत गेलेला वण बघायला बाया ओढ्यावर यायच्या. वजन उचलायला डॉक्टरांची मनाई होती, म्हणून तिनं नियमच केला: बघणारीनं तिचा हंडा घरापर्यंत न्यायचा. कोंडिबाची बायको अंजना एकदा आडून बघून गेली. हंडा तेवढा उचलला नाही.

भांडणात फुलाबाईला नवंच हत्यार मिळालं. कुणावर तुटून पडली की शेवटी म्हणायची, "म्या न्हाई बोलत बाई, तात्याचं रगत बोलतंय." हे अंजनाच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "तरीच. तवापास्नं आमचं हे घरात लई गरीब झाल्यात. सगळा ताव त्या बाटलीतनं गेला जनू."

इथवर सगळं हसण्यावारी. आता चूक सांगतो.

घरी आल्यावर ज्ञानूनं इर्जिकीचं जेवण घातलं. कोंबडा कापला, तांदळाच्या भाकरी थापून घेतल्या. भावकी जेवली. मराठ्यांच्या आळीतले अंगणापर्यंत आले आणि "पोचलं, पोचलं, जेवल्यावानीच हाय" म्हणून तिथूनच वळले. कोंडिबाही वळला. बिचाऱ्यांनी रक्त द्यायला मागंपुढं पाहिलं नव्हतं, भाकरी खायला मात्र त्यांची छाती झाली नाही.

फुलाबाईनं ते दारातून पाहिलं. ती तेव्हा बोलली नाही, यावरून तब्येत किती नाजूक होती ते समजा. पण तिच्या डोक्यात एक गणित पक्कं झालं. जेवले असते तर फिटलं असतं. जेवले नाहीत, म्हणजे काम अंगावर राहिलं. पुढच्या आषाढात लावणी सुरू झाली तशी ती न बोलावता कोंडिबाच्या खाचरात उतरली. मजुरी देऊ केली तर घेतली नाही. तिथलं झालं की दुसऱ्याच्या खाचरात. मग तिसऱ्याच्या. ज्यानं ज्यानं रक्त दिलं पण भाकरी खाल्ली नाही, त्याचं भात तिनं वाकून लावलं, दर साली. गुडघाभर गार चिखलात, डोक्यावर पानांचं इरलं, आणि पाठीवर तो वण.

आणि आमची माणसंही अशी, की पहिल्या साली त्यांना संकोच वाटला, दुसऱ्या साली कमी वाटला, तिसऱ्या साली "फुला अजून कशी आली न्हाई" म्हणून निरोप यायला लागले.

डॉक्टरांनी दर महिन्याला कमरेत सुई घ्यायला सांगितली होती, जुना ताप उलटू नये म्हणून. पावसाळ्यात लावणी चालू, यष्टी बंद, ओढ्याला पाणी. सुया राहिल्या. फुलाबाई म्हणायची, "दार एकडाव उघडलं न्हवं? आता काय रोज कडी काढायची?"

चौऱ्याहत्तर साली गावाच्या ध्यानात आलं की फुलाबाईचा राग वाढलाय. ओढ्याची चढण चढताना ती मध्येच थांबायची, कमरेवर हात ठेवून मागं वळायची आणि खालच्या कुणावर तरी ओरडायची. कधी खाली कुणी नसायचंसुद्धा. लोक हसायचे. ज्ञानू हसला नाही. इतकी वर्षं शिव्या ऐकून त्याचा कान तयार झाला होता. फुलाबाई हल्ली शिवी अर्धीच सोडून देते, हे एकट्या त्याच्या लक्षात आलं. भांडायला म्हणून ती थांबत नव्हती. थांबावं लागत होतं, म्हणून भांडत होती.

"पुन्याला जाऊ," तो म्हणाला.

"कशापायी?"

"सकाळी शेजारच्या गेनबाला तू निसतं 'मुडद्या' म्हनून गप बसलीस. फुडचं बोलली न्हाईस."

तिनं लुगडं बदललं. दोघं पुण्याला गेली.

डॉक्टर नवे होते. त्यांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं, जुने कागद चाळले आणि म्हणाले, "दार पुन्हा चिकटलंय. पुन्हा उघडावं लागेल."

फुलाबाई उठून बसली. "म्हंजी मागल्या खेपंला नीट उघडलं न्हवतं. ह्ये आमचं मालक ताल रचत्यात, ती कंदी ढासळत न्हाई. आन तुमी शिकलेली मानसं."

"बाई, ताल दगडाची असते. तिला ताप येत नाही," डॉक्टर हसून म्हणाले. "सुया घेतल्या?"

ती भिंतीकडं बघायला लागली.

"चिखलात जात होता?"

आता ज्ञानूही भिंतीकडं बघायला लागला.

डॉक्टरांनी आवाज चढवला नाही, पण आडपडदाही ठेवला नाही. दुसरी खेप पहिलीपेक्षा अवघड. जुन्या जखमेत आतलं सगळं एकमेकाला धरून बसलेलं असतं, ते सोडवताना रक्त जास्त जातं. ताजं रक्त जवळ हवं. मागं ज्याचं जुळलं होतं तो माणूस असला तर बरं. आणि हे केलं नाही तर पुढचा पावसाळा बघायला मिळेल असं ते सांगू शकत नव्हते. खाट पुढच्या आठवड्यात मिळणार होती.

परतीच्या यष्टीत नसरापूर येईस्तोवर फुलाबाई बोटांवर काहीतरी मोजत होती. मग म्हणाली, "मला न्हाई करायचं."

"का?"

"पयल्याचं अजून फिटलं न्हाई. दुसरं कुठनं फेडू? आता चार रोपं लावली की डोळ्याम्होरं आंधारी येती. म्या कुनाचं अंगावर ठिवून जानार न्हाई."

"आगं, ती काय मागाय येनार हाईत?"

"मागत न्हाईत तर दर साली निरोप कशाला धाडत्यात?"

ज्ञानूनं खिडकीबाहेर पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं की बायकोचं तोंड नाही, डोकं आवरायला हवं.

तो घरी बसला नाही. तिला न सांगता सरळ कोंडिबाकडं गेला आणि सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडिबा अंगणात हजर. अंगणात म्हणजे नेहमीच्या जागी, जोत्यापासून चार हात लांब.

"ए फुले, ह्ये काय ऐकतुया म्या? रगत मी देनार, त्वा निसतं घ्यायचं. त्यातबी नखरं?"

फुलाबाई दारात गोधड्यांच्या गठ्ठ्याला टेकून बसली होती. आडवं झालं की दम कोंडायचा, त्यामुळं झोपही तशीच, बसून.

"बसा की तात्या," ती म्हणाली.

"बसाया येळ न्हाई. यष्टीत बसतो की तुज्यासंगं."

"यष्टीत बसता, दवाखान्यात बसता. माज्या वट्यावर काय काटं हाईत?"

कोंडिबानं पागोटं सारखं केलं. "आता तिथं कशाला जातीस? कामाचं बोल."

"कामाचंच बोलती." तिनं दम घेतला. अंगावर येणारं बोलणं तिला तुकड्यातुकड्यानं बोलावं लागत होतं, त्यामुळं ते जास्तच लागत होतं. "इर्जिक कशानं फिटती, तात्या?"

"जेवनानं."

"तुमी जेवला?"

कोंडिबानं पागोटं परत सारखं केलं.

"तुमचं रगत माज्या अंगात अकरा सालं खेळतंय, त्येला बाट लागली न्हाई. माजी भाकर तुमच्या प्वाटात दोन घटका न्हाई ऱ्हायची? जेवला न्हाईत म्हनून मी राबली. तुमचं खाचर, त्येंचं खाचर. त्या चिखलातच ह्ये दार परत लागलं. आता आसं करा. ज्येला रगत द्यायचं त्यानं आदी हितं बसून जेवायचं. तितल्या तितं फिटलं पायजे. न्हाईतर म्या जात न्हाई."

"आन मेलीस म्हंजी?"

"मंग लोक म्हनतील, तात्याचं रगत कमी पडलं."

कोंडिबा पाय आपटत निघून गेला. ज्ञानू कपाळाला हात लावून जोत्यावर बसला. आता तुम्हीही म्हणाल, मरणाच्या दारात बसलेली बाई अटी कसल्या घालते? घालते. धडधाकट अंगानं अटी घालणारे गावात रग्गड होते, त्यांना कुणी जाब विचारत नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी चूल पेटली. फुलाबाईला वाकता येत नव्हतं, म्हणून फुलाबाईच्या भावकीतल्या जावेनं, बाळाबाईनं, भाकरी थापल्या. फुलाबाई मागं बसून फक्त सूचना करत होती. शेवटी बाळाबाई म्हणाली, "सासू असती तरी येवढी बोलली नसती. गप ऱ्हा, न्हाईतर भाकर तुज्या तोंडावर थापीन."

पळसाच्या पत्रावळी मांडल्या. भावकीतले चौघं जेवायला बसले, हात धुतले, बिड्या पेटवल्या. एक पत्रावळ मोकळी. मराठ्यांच्या आळीतनं कुणी नाही. यष्टीची वेळ होत आली.

फुलाबाई रस्त्याकडं बघत होती. आता थट्टा बाजूला ठेवून सांगतो, तिला भीती वाटत होती. छातीत काहीतरी फडफडत होतं, पायांवर सूज होती, आणि आपण आपल्याच गळ्याला दोरी लावून बसलोय हे तिला कळत होतं. एक शब्द मागं घेतला असता तर कोंडिबा फाट्यावर येऊन उभा राहिला असता, हेही ठाऊक होतं. ज्ञानू तिच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "फुले, मी जाऊन हात जोडतो."

"कुनाला?"

"तात्याला."

"कशापायी? तेस्नी भाकर खा म्हनून हात जोडायचं? येवढी वंगाळ झालीया व्हय माजी भाकर?"

ज्ञानू परत जागेवर जाऊन बसला.

तेवढ्यात ओढ्याच्या चढणीवर पागोटं दिसलं. कोंडिबा येत होता. काखेत काहीतरी फडक्यात गुंडाळलेलं. तो आला, अंगणात थांबला, इकडं तिकडं बघितलं, आणि थेट जोत्यावर चढला. मोकळ्या पत्रावळीपुढं बसला आणि फडकं सोडलं. आतनं घरचं पितळी ताट निघालं, घासूनपुसून लख्ख, आणि तांब्या.

बिड्या थांबल्या. फुलाबाईनं ताटाकडं बघितलं.

"ह्ये काय?"

"ताट."

"त्ये दिसतंय. कुनाचं?"

"माजं. जेवाय आलोय न्हवं? आता आनि काय पायजे तुला?"

"तात्या, तुमी येवढ्या इर्जिकीला गेला. इर्जिकीला गडी काय आनतो?"

"औत."

"ताट आनतो?"

कोंडिबा ताटाकडं बघत राहिला. घरातनं निघताना अंजनानं ते हातात दिलं होतं, आणि ओढा ओलांडेपर्यंत त्याला ती मोठी तोड वाटली होती. जेवणही होईल, बाटणंही होणार नाही. आता ते ताट मांडीवर लख्ख चकाकत होतं आणि चार माणसं बघत होती.

"औत तुमचं," फुलाबाई म्हणाली आणि त्याच्या दंडाकडं बोट केलं. "त्ये आनलंय तुमी. ताट मालकाचं. रीत तुमीच लावलीया, म्या न्हाई."

वाटेवर यष्टीचा भोंगा ऐकू आला, लांबून, मार्गासनीच्या वळणावरचा. कोंडिबानं ताट फडक्यात गुंडाळलं, मांडीखाली सारलं आणि पत्रावळ पुढं ओढली.

"वाढ बाळाबाई," तो म्हणाला. "यष्टी जाईल."

बाळाबाईनं रस्सा वाढला. कोंडिबानं पहिला घास घेतला आणि थांबला. सगळ्यांचा श्वास अडकला. फुलाबाईचा तर आधीच अडकलेला होता.

"मीठ न्हाई," कोंडिबा म्हणाला.

"डागदरनी तोडलंया. घरात मीठच न्हाई."

"म्हंजी जन्मात पयल्यांदा तुज्याकडं जेवाय आलो तर आळनी?"

"अकरा सालामागं आला असता तर चांगलं झनझनीत व्हतं."

भावकीतला एक हसला, मग दुसरा, मग कोंडिबालाच हसू आवरेना. त्या अळणी रश्श्याबरोबर त्यानं भाकरीमागून भाकरी संपवली, आणि ज्ञानू पळत जाऊन यष्टीपुढं आडवा हात करून उभा राहिला. कंडक्टर ओरडत होता. ज्ञानू त्याला म्हणाला, "थांबा वाईच. तात्या जेवत्यात." कंडक्टरला त्यात एवढं काय आहे ते कळलं नसणार.

ऑपरेशन लांबलं. डॉक्टर म्हणाले होते तसंच निघालं, जुनं सगळं एकमेकाला धरून बसलेलं. कोंडिबाचं रक्त घेतलं, आणखी लागलं, भावकीतल्यांच्या रक्ताच्या बदल्यात मिळालेलंही चढवलं. ज्ञानू बाहेर फरशीवर बसून होता आणि शेजारी कोंडिबा दंडाला कापूस दाबून. एकदा कोंडिबा म्हणाला, "वाचंल ती. शिव्या उरल्यात अजून तिच्या." शुद्धीवर आल्यावर फुलाबाईचं पहिलं बोलणं नर्सबाईला होतं, आणि ते पूर्ण होतं, अर्ध्यावर सोडलेलं नव्हतं. ज्ञानूनं ते दाराबाहेरून ऐकलं आणि खाली बसून रडला.

गावात कोंडिबाच्या भावकीनं त्याला धारेवर धरलं. बाटलास म्हणाले. त्यानं तोवर उत्तर शोधून ठेवलं होतं. "माजं रगत तिच्या अंगात हाय. म्हंजी म्या माज्याच मानसाकडं जेवलो. कुठं बाटलो?" पटण्याजोगं होतं, आणि त्याला स्वतःला ते फार आवडलं. फुलाबाईच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "सांगा तेस्नी, इर्जिक माजी व्हती. मालकीन म्या."

आता ती चिखलात उतरत नाही. सुई दर महिन्याला घेते, पाऊस असो नसो, ज्ञानू तिला मार्गासनीपर्यंत सोबत नेतो. लावणीच्या दिवसांत कोंडिबाच्या बांधावर बसते आणि ओळी वाकड्या आल्या की ओरडते. कोंडिबा म्हणतो, हिला दुसरी बाटली द्यायलाच नको होती.

पण पहिल्या खेपेचे बाकीचे तिघं, ज्यांच्या खाचरात ती इतकी वर्षं वाकली, ते अजून जेवायला आलेले नाहीत. भेटले की म्हणतात, येऊ की कधीतरी.

तर तुम्हाला एक सांगणं आहे. तुमच्या गावातही असं घर असणार, जिथनं तुम्ही काम नेलंत, घाम नेलात, अडीअडचणीला काही दिलंतही असेल, पण अंगणातून "पोचलं, पोचलं" म्हणत माघारी वळलात. त्या घरी उद्या जा. जोत्यावर चढून आत बसा, आणि तुमच्या तोंडानं भाकरी मागा.